डिक्री हातात आली तरी फ्लॅटवर नाव होतंच

घटस्फोट झाला की घराचं पण आपोआप मिटतं असं माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना वाटतं. ऑफिसमधल्या एकीने तर सरळ विचारलं, "कोर्टाने लिहून दिलंय ना, मग आता कसली सही राहिलीये?" तर बाई, सगळ्याच सह्या राहिल्यात. डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, फक्त लग्न संपवते. आम्ही दोघांनी मिळून घेतलेला ठाण्यातला कासारवडवलीचा फ्लॅट, त्याचं रजिस्टर झालेलं ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (म्हणजे रजिस्टर झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा), बँकेचं लोन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, यातल्या एकाही कागदाला डिक्रीमुळे काही होत नाही. तिथे आपण अजूनही दोघं मालक, दोघं कर्जदार, दोघं मेंबर. बँकेला तर तुमचा संसार टिकला की मोडला याच्याशी काही घेणंदेणंच नसतं, ती त्या केसमध्ये पार्टीच नव्हती.

हे लिहायचं कारण असं की या विषयावर जे काही वाचायला मिळतं ते सगळं "समोरच्याचं नाव कसं काढायचं" या बाजूने असतं. माझं उलटं होतं. फ्लॅट त्याने ठेवायचा आणि मी माझा हिस्सा घेऊन बाहेर पडायचं असं ठरलेलं, म्हणजे मला *माझंच* नाव काढून घ्यायचं होतं, आणि ते काढायची जास्त घाई मलाच होती. त्याला काय, तो राहतच होता तिथे.

माझी मावशी शेवटपर्यंत म्हणत होती, "नाव राहू दे गं, काय बिघडतंय? उद्या कधी वेळ आली तर हक्क तरी राहील." आईचंही थोडंफार तसंच मत होतं. आपल्याकडे बायकांच्या नावावर घर असणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट, ते सोडायचं म्हणजे त्यांच्या पोटात गोळाच येतो, आणि ते मला समजतं पण. पण नुसतं नाव असून ताबा नसेल तर काय काय होतं ते सांगते.

पहिलं म्हणजे लोन. जॉइंट होम लोनमध्ये निम्मं तुझं निम्मं माझं असं काही नसतं, बँकेच्या दृष्टीने दोघंही पूर्ण रकमेला जबाबदार. सिबिल रिपोर्ट (कर्जफेडीची नोंद) काढला तर त्यात पूर्ण लोन माझ्या नावावर दिसत होतं, त्याच्याही रिपोर्टमध्ये तेच पूर्ण. म्हणजे त्याने एखादा ईएमआय चुकवला की स्कोअर माझाही पडणार, आणि मी कळव्यात भाड्याच्या वन बीएचकेमध्ये बसून ते नुसतं बघणार. आणि मला स्वतःला घरासाठी लोन हवं असेल तर नवीन बँक माझ्या पगारातून तो जुना ईएमआय वजा करून मगच किती देता येईल ते सांगणार. मी विचारून पाहिलं होतं. जो आकडा आला त्यात ठाण्यात काय, टिटवाळ्यालाही काही येत नव्हतं.

दुसरं म्हणजे म्हाडा. ठाणे कोकण मंडळात येतं, आणि तिथल्या लॉटरीची एक मूळ अट अशी की ज्या महापालिकेच्या हद्दीतल्या घरासाठी अर्ज करायचा तिथे अर्जदाराच्या किंवा नवरा-बायकोच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर आधीच मालकीचं घर नसावं. आता माझ्या नावावर ठाणे महापालिकेच्या हद्दीत घर होतं की, कागदावर. राहत नव्हते, विकू शकत नव्हते, पण होतं. मावशीला मी हेच सांगितलं की तुझा तो हक्क मला दुसरं घर घेऊ देत नाहीये. तेव्हा ती गप्प बसली, पटलं असं नाही म्हणणार मी.

बरं, आता हिशोबाचं. ॲग्रीमेंटमध्ये दोघांची नावं आहेत पण कुणाचा किती हिस्सा ते लिहिलेलं नाही, असं बऱ्याच जणांचं असतं. ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं कलम ४५ असं सांगतं की दोघांनी पैसे घालून घेतलं असेल तर ज्याने जेवढे घातले त्या प्रमाणात हिस्सा, आणि कुणी किती घातले याचा पुरावाच नसेल तर समान धरायचं. म्हणून भांडायला बसायच्या आधी बँक स्टेटमेंट काढा, डाउन पेमेंट कुठल्या खात्यातून गेलं, ईएमआय कुणाच्या खात्यातून जातो, स्टॅम्प ड्युटी कुणी भरली, पार्किंगचे आणि फर्निचरचे पैसे कुणी दिले. आमच्यात ईएमआय त्याच्या खात्यातून जायचा आणि घरखर्च, शाळा, किराणा, बाई, लाइट बिल माझ्या पगारातून, आता असं असलं की कागदावर घर त्यानेच घेतलं असं दिसतं. माझ्या वकीलबाई याबाबत फार कडक होत्या, म्हणाल्या दोघांच्या पगाराचं घर आहे, एकाने फ्लॅटचा हप्ता भरला म्हणून दुसऱ्याने काय हवा खाल्ली का. शेवटी आम्ही अर्धं-अर्धं धरलं. समजा फ्लॅटची बाजारातली किंमत १ कोटी २० लाख, लोन शिल्लक ४० लाख, तर उरले ८० आणि त्यातले ४० माझे. आकडे उदाहरणाचे आहेत, आमचे नाहीत. किंमत ठरवताना एजंटचा तोंडी रेट धरू नका, व्हॅल्युअरचा रिपोर्ट घ्या, दोघांना मान्य असलेला एकच. त्या फीमध्ये निम्मी भांडणं वाचतात.

आता स्टॅम्प ड्युटी, कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. हक्कसोड पत्र, म्हणजेच रिलीज डीड, पाचशे रुपयात होतं असं प्रत्येकजण सांगतो. होतं, पण वडिलोपार्जित मिळकतीत, भावाबहिणींच्या वगैरे बाबतीत. आपण दोघांनी बिल्डरकडून विकत घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित कसा होईल? तिथे महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या अनुच्छेद ५२ चा दुसरा भाग लागतो आणि जेवढा हिस्सा सोडला त्याच्या बाजारभावावर खरेदीखतासारखी ड्युटी बसते. म्हणजे समजा रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दराने, फ्लॅट ८० लाखांचा, निम्मा हिस्सा ४० लाख, त्यावर ५ टक्के धरले तरी २ लाख झाले. ठाण्यात खरेदीला सेस आणि सरचार्ज धरून ७ टक्के लागतात, त्यातलं रिलीजला नेमकं काय लावतात ते आधीच लेखी करून घेतलेलं बरं, त्यासाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे डॉक्युमेंटचा मसुदा देऊन अभिनिर्णय करून घेता येतो. वर रजिस्ट्रेशन फी १ टक्का, पण ती ३० हजारांच्या वर जात नाही.

दुसरा सल्ला येतो बक्षीसपत्राचा. नवरा-बायकोत राहतं घर बक्षीस दिलं तर २०१५ पासून महाराष्ट्रात मूळ ड्युटी फक्त २०० रुपये आहे, स्थानिक सरचार्ज वेगळा. यात मेख काय, तर ते *नवरा-बायको* असेपर्यंतच. डिक्री झाली की तुम्ही कायद्याने एकमेकांचे कुणी नाही, मग ती सवलत गेली. म्हणून ज्यांना खरंच एक पैसा न घेता हिस्सा सोडायचाय त्यांनी ते डीड डिक्रीच्या आधी करावं, हे मला इतकं उशिरा कुणीतरी सांगितलं की तोपर्यंत त्याचा मला उपयोग नव्हता, आणि तसाही झाला नसताच कारण मी पैसे घेणार होते. पैसे घेऊन वर बक्षीसपत्र लिहायचं असंही सुचवणारे भेटले, "मॅडम सगळे असंच करतात." करत असतील. बक्षीस म्हणजे मोबदला नाही, आणि इकडे कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या तडजोडीच्या अटींमध्ये, कोर्टापुढे लिहून दिलंय की इतके लाख मिळणार. दोन्ही कागद एकाच माणसाने शेजारी शेजारी ठेवून वाचले की संपलं.

कन्सेंट टर्म्सबद्दल थोडं सविस्तर, कारण माझ्या मते खरं काम तिथेच होतं, पुढचं सगळं नुसतं धावपळीचं. परस्पर संमतीने म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली अर्ज केला की पहिल्या आणि दुसऱ्या मोशनमध्ये, म्हणजे अर्ज आणि शेवटच्या मागणीमध्ये, सहा महिने असतात (२०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की योग्य केसमध्ये ते माफ होऊ शकतात). या सहा महिन्यांत लोक रडतात, भांडतात, मध्यस्थांना फोन करतात. तेवढ्यात फ्लॅटचं कलम नीट लिहून घ्या. आमच्या पहिल्या मसुद्यात फक्त एवढंच होतं की "सदर फ्लॅट पतीकडे राहील आणि पत्नी हक्क सोडेल". कधी सोडेल? पैसे कधी मिळतील? लोनचं काय? ड्युटी कोण भरणार? वकीलबाईंनी तो कागद बघून चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग नवीन मसुद्यात फ्लॅटचा पूर्ण तपशील आला, ॲग्रीमेंटचा दस्त क्रमांक, क्षेत्रफळ, पार्किंग, लोन खातं, किती दिवसांत मला लोनमधून मोकळं करायचं, तोपर्यंत ईएमआय कोण भरणार, उशीर झाला तर व्याज किती, ड्युटी आणि फी त्याने भरायची.

आणि फ्लॅटचा उल्लेख मूळ अर्जातच हवा हेही त्यांनी बघितलं. रजिस्ट्रेशन ॲक्टच्या कलम १७ मध्ये अशी सोय आहे की कोर्टाच्या डिक्रीला वेगळं रजिस्ट्रेशन लागत नाही, पण तडजोडीच्या डिक्रीत दाव्याचा विषय नसलेली स्थावर मिळकत घुसवली असेल तर लागतं. म्हणजे अर्ज नुसता घटस्फोटाचा आणि शेवटी तडजोडीत फ्लॅट, तर पुढे कुणीतरी बोट ठेवणार. हे सगळं असूनही आम्ही वेगळं रिलीज डीड केलंच, कारण बँक, सोसायटी आणि उद्याचा गिऱ्हाईक, तिघांनाही इंडेक्स टूच बघायचं असतं, डिक्रीची पानं वाचायला त्यांना वेळ नसतो.

आता मुख्य गाठ. हिस्सा आधी सोडायचा की लोनमधून आधी बाहेर पडायचं?

त्याची बँक म्हणे आधी रजिस्टर्ड रिलीज डीड आणा, मग त्यांच्या एकट्याच्या नावावर लोन बघू. मी म्हणे आधी मला लोनमधून काढा मग सही. मालकी सोडली आणि कर्जदार म्हणून राहिले, याच्याइतकी वाईट जागा दुसरी नाही, घर त्याचं आणि हप्त्याला जामीन मी. ब्रांचमधल्या मुलाला हे कळतच नव्हतं, तो "मॅडम प्रोसेस आहे" एवढंच म्हणत राहायचा. शिवाय घर गहाण असल्यामुळे बँकेच्या एनओसीशिवाय रिलीज करणं म्हणजे नवीन दुखणं. त्यांनी त्याच्या एकट्याच्या पगारावर लोन चालेल का बघितलं तर म्हणाले अजून एक को-बॉरोअर द्या, मग त्याचे वडील की भाऊ यात आठवडे गेले.

शेवटी वाट निघाली ती दुसऱ्या बँकेतून. त्याने दुसरीकडे स्वतःच्या नावावर नवीन लोन सँक्शन करून घेतलं, भावाला बरोबर घेऊन. सँक्शन लेटरमध्येच लिहून घेतलं की रिलीज डीड रजिस्टर झालं की जुनं लोन पूर्ण फेडायचा चेक जुन्या बँकेच्या नावाने निघेल आणि माझ्या हिश्श्याची पे ऑर्डर माझ्या नावाने. फ्लोटिंग रेटच्या होम लोनला मुदतीआधी फेडल्याचा दंड बँक लावू शकत नाही, तो प्रश्न नव्हता. दोन्ही कागद रजिस्ट्रेशनच्या दिवशी तिथे हजर पाहिजेत, ही माझी अट. "विश्वास नाही का?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं असता तर इथे कशाला आलो असतो. दोघंही हसलो, खूप दिवसांनी.

सब-रजिस्ट्रारकडचं काम त्या मानाने सोपं गेलं. डेटा एंट्री आधी ऑनलाइन करून ठेवायची, ड्युटी आणि फी ग्रास या सरकारी पोर्टलच्या ई-चलनाने भरायची, मग टोकन, दोन साक्षीदार आधार कार्ड घेऊन, फोटो, अंगठा. कोर्ट नाक्याला गेलेल्या कुणालाही तिथली पार्किंगची अवस्था माहितीये, रिक्षाने जा. एक गोष्ट मात्र अडली ती नावाची. ॲग्रीमेंट झालं तेव्हा माझ्या नावात मधलं नाव त्याचं आणि आडनावही त्याचं, आणि आता गॅझेट करून आधार-पॅनवर मी परत वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव लावलेलं. म्हणजे ज्या बाईचा हक्क सोडायचाय ती आणि जी सही करायला आलीये ती, दोन वेगळ्या बायका. डीडमध्ये "उर्फ" घालून दोन्ही नावं लिहावी लागली आणि गॅझेटची कॉपी जोडावी लागली. नाव बदलायची घाई असेल तर हे ध्यानात ठेवा, किंवा फ्लॅटचं आटपेपर्यंत जुन्याच नावाने राहा. मी काही राहिले नसते.

पे ऑर्डर हातात आली आणि मग अंगठा दिला, या क्रमाने. जुन्या बँकेचं लोन बंद झाल्याचं पत्र मी स्वतंत्र मागून घेतलं, माझ्या नावाने, त्याच्या कॉपीवर भागवलं नाही. लोन पूर्ण फिटलं की मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची, नाहीतर बँकेने दिवसाला ५ हजार रुपये द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. ती कागदपत्रं अर्थात नवीन बँकेत गेली, पण पत्र माझ्याकडे. मग सिबिलमध्ये "क्लोज्ड" दिसेपर्यंत अधूनमधून रिपोर्ट काढत राहिले.

सोसायटी. सेक्रेटरी काका चांगले आहेत पण त्यांना सगळं ऐकायचं असतं. "असं कसं झालं, तुम्ही दोघं तर गणपतीत किती..." मी फॉर्म पुढे केला. शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव दुसरं होतं त्यामुळे सोपं गेलं, पहिलं नाव सोडणाऱ्याचं असेल तर मतदान, मेंटेनन्स बिल, सगळंच त्या नावाने चालू असतं म्हणून ते आधी हलवायला हवं. काकांनी ट्रान्सफर प्रीमियमचं, म्हणजे नाव बदलताना सोसायटी घेते त्या पैशांचं, काढलं. आदर्श उपविधींप्रमाणे महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि कुटुंबातल्या कुटुंबात ट्रान्सफर असेल तर घेताच येत नाही, आता घटस्फोटित माणसं कुटुंब की नाही यावर कमिटीने एक पूर्ण मीटिंग केली म्हणे. मी गेले नाही. शेवटी ट्रान्सफर फीचे ५०० रुपये घेतले आणि विषय संपवला. पाण्याच्या टाकीवर एवढी चर्चा झाली असती तर बरं झालं असतं.

महापालिकेचा प्रॉपर्टी टॅक्स, महावितरण, गॅस, ही तिन्ही कामं इंडेक्स टू जोडून त्याने केली. ती नाही झाली तरी मालकीवर परिणाम होत नाही, पण थकबाकीची नोटीस तुमच्या नावाने निघते, म्हणून मी मागे लागून नवीन बिलांचे फोटो मागवले.

समोरचा सहीच करत नसेल तर? हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. कन्सेंट टर्म्समध्ये सही करायचं कबूल केलं असेल आणि नंतर टाळत असेल तर डिक्रीची अंमलबजावणी मागता येते, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ३४ प्रमाणे कोर्ट त्याच्या वतीने डीडवर सही करवून घेऊ शकतं. त्यासाठी १२ वर्षांची मुदत असते, पण तेवढं थांबू नका. कन्सेंट टर्म्समध्ये फ्लॅटचं काहीच नसेल तर मग वाटपाचा दावा. फ्लॅटचे दोन तुकडे तर होत नाहीत, मग कोर्ट विक्री करायला सांगू शकतं किंवा एकाने दुसऱ्याचा हिस्सा घ्यावा असं होतं, आणि त्याला वर्षं जातात. परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेली पॉवर ऑफ ॲटर्नी चालते, ती भारतात आल्यापासून तीन महिन्यांत तिच्यावर इथला स्टॅम्प लावायचा.

टॅक्सचं शेवटी, कारण मी पण शेवटीच बघितलं. हिश्श्याचे पैसे मिळाले म्हणजे कॅपिटल गेन. घर दोन वर्षांपेक्षा जास्त जुनं असेल तर लाँग टर्म, आणि २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर इंडेक्सेशनशिवाय साडेबारा टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के, जे कमी पडेल ते. दुसरं घर वर्षभर आधी किंवा दोन वर्षांच्या आत विकत घेतलं तर त्या नफ्यावर सूट मिळते, रिटर्न भरायच्या तारखेपर्यंत घर मिळालं नाही तर पैसे बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवायचे, एफडीत नाही. सीएला कन्सेंट टर्म्स दाखवा, पोटगी आणि हिश्श्याचे पैसे एकाच आकड्यात कोंबले असतील तर तो वैतागेल. आमच्यात दोन वेगळी कलमं होती.

सध्या ते खातं उघडलंय आणि डोमिसाइल, डिक्रीची सर्टिफाइड कॉपी आणि नवीन इंडेक्स टू एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवलंय, कोकण मंडळाची पुढची जाहिरात आली की फॉर्म भरायचाय. पीएफ आणि एलआयसीला नॉमिनी अजून तोच आहे, ते या आठवड्यात करते.